पाच नंबरचं गाणं आणि गाडीचा पट्टा

कंपनीची सांगवीकडची बस बंद झाली आणि मी मेंटेनन्सच्या सरांच्या गाडीतून निघोज्याला कंपनीत जायला लागले. सर पिंपळे गुरवला राहायचे, मी सांगवीत आईवडिलांकडे. सर पन्नाशी उलटलेले, मूळचे लातूरकडचे. कंपनीतल्या सगळ्या प्रेस मशिनी त्यांच्या ताब्यात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशिनीला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती होती. मी क्वालिटीत. दुसऱ्यांच्या चुका काढायचा आमचा पगार, त्यामुळे आमच्या खात्यातल्या माणसाला सहसा कुणी आपल्या गाडीत घेत नाही. सरांनी घेतलं.

पहिल्याच सकाळी कासारवाडीजवळ गाडीतून काहीतरी घासल्यासारखा आवाज यायला लागला. मग ठोके. मग पत्रा फाडावा तसा एक लांबलचक सूर. मी थोडा वेळ कळ काढली, मग भीत भीत म्हणाले, "सर, गाडीतून आवाज येतोय."

"येऊ द्या," सर म्हणाले. "गाणं हाय ते."

ते गाणं भोसरी ओलांडून मोशीच्या अलीकडे संपलं. मधेच एक माणूस इंग्रजीत रडला. ड्रम वाजवणाऱ्याला बाकीच्यांच्या आधी घरी जायचं होतं, असं वाटत होतं. गाणं संपल्यावर मला हायसं वाटलं, तेवढ्यात दुसरं लागलं. ते पहिल्याहून वाईट होतं.

आठवडाभर मी सहन केलं. मंगळवारी कंपनीतून मिळणारे फोमचे कानातले बोळे घालून गाडीत बसले. सरांनी नाशिक फाट्यापर्यंत बघितलं आणि मग शांतपणे सांगितलं की ते बोळे शॉपफ्लोअरसाठी आहेत, बाहेर वापरायचे नसतात. मी काढले. शेवटी शुक्रवारी विचारलंच, की सर, तुम्हाला हे आवडतं?

त्यांनी मागच्या टेम्पोला वाट दिली, आरसा नीट केला.

"न्हाई आवडत," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले ऐकायलोय. अजून न्हाई आवडलं."

मग सगळी हकिकत कळली. सरांची एकुलती एक मुलगी शिकायला जर्मनीला गेली. जाताना तिचा पेन ड्राइव्ह गाडीतच राहिला. त्यात कुठल्याशा परदेशी रॉक बँडची अकरा गाणी. बँडचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत, नुसते एक ते अकरा नंबर. मुलगी लहानपणापासून बापाशी फार बोलायची नाही. बोलायची ती जेवण झालं का, एवढंच. सरांनी ठरवलं की तिला जे आवडतं ते आपण शिकून घ्यायचं आणि ती सुट्टीला आली की तिला चकित करायचं. म्हणून रोज जाता-येता अकराच्या अकरा. एकही टाळायचं नाही. तिला त्यांनी यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

हे कळल्यावर मला तक्रार करता येईना. माणूस लेकीसाठी एवढं सोसतोय म्हटल्यावर आपणही थोडा हातभार लावावा असं वाटलं. मी लक्ष देऊन ऐकायला लागले.

शब्द दोघांनाही कळायचे नाहीत. तीन नंबरच्या गाण्यात तो माणूस "वांगी दे, वांगी दे" म्हणतो असं माझं ठाम मत होतं. सरांना ते "माहिती दे" ऐकू यायचं. यावर आम्ही मोशी ते कुरुळी फाटा दोन दिवस वाद घातला. मी म्हणायचे की माहितीसाठी कुणी एवढं कळवळून ओरडत नाही. सर म्हणायचे, तुम्ही आमच्या खात्यात चार दिवस काम करून बघा. आठ नंबरच्या गाण्यात मधेच सगळं बंद पडायचं आणि बराच वेळ काहीही वाजायचं नाही. त्या शांततेत सरांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघायचा. गाडी मंद व्हायची आणि मागचे कंटेनरवाले हॉर्न वाजवायचे. मग एकदम सगळी वाद्यं परत यायची आणि आम्ही दचकून पुढे निघायचो.

एक दिवस सरांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं की त्यांना एक जागा आवडायला लागली आहे. पाच नंबरच्या गाण्यात, गिटार हळू झाली की मागून एक बारीक शीळ येते. कधी वर जाते, कधी थरथरते. दोन वर्षांत कानावर आली नव्हती, गेल्या तीन आठवड्यांत सापडली. सरांचा चेहरा खुलला होता. त्यांनी आवाज वाढवून मला ती जागा ऐकवली. खरंच सुंदर होती. शीळ नेमकी गाडीचा वेग वाढला की वाढायची, पण ते तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या बुधवारी मोशीजवळ बॉनेटमधून फटकन आवाज आला, डॅशबोर्डवर लाल दिवे लागले आणि गाडी बाजूला घ्यावी लागली. गॅरेजवाला बॉनेट उघडून वाकला आणि फॅन बेल्टचा तुटका पट्टा हातात धरून बाहेर आला.

"तीन-चार आठवडे तरी शिट्टी मारत असंल हा," तो सरांना म्हणाला. "आवाज आला न्हाई का?"

"आला," सर म्हणाले. "मला वाटलं, गाण्यातला हाय."

गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी हायवेकडे बघितलं.

नवा पट्टा बसला. कंपनीकडे निघाल्यावर सरांनी पाच नंबरचं गाणं लावलं. शीळ नव्हती. त्यांनी पुन्हा लावलं. तरी नव्हती. दोन वर्षांत त्यांना या बँडची एकच गोष्ट आवडली होती आणि ती बँडची नव्हती. शिवाय मशिनीच्या पोटातलं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचा पट्टा ओळखता आला नाही, ही गोष्ट कंपनीत कुणाला सांगू नका, असं त्यांनी मला कुरुळीजवळ दोनदा आणि गेटवर एकदा बजावलं. मी सांगितलं नाही. आता लिहितेय ते त्यांना विचारून.

त्यानंतर मी मावसबहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस नगरला गेले. चौथ्या दिवशी मसालेभाताच्या पातेल्यात कांदा परतत होते, तर आई जवळ आली आणि कपाळाला हात लावून बघायला लागली. मग हळूच विचारलं, "पोटात दुखतंय का गं?" मी म्हटलं, नाही. तर म्हणे, मग कण्हतेयस कशाला? मी कण्हत नव्हते. मी सहा नंबरचं गाणं म्हणत होते.

ते कळलं आणि मी झारा घेऊन तशीच उभी राहिले. सकाळी उठल्यापासून ते डोक्यात चाललं होतं. आदल्या दिवशी हळदीचा डीजे वाजत होता तेव्हा मला आठ नंबरमधली शांतता हवीशी वाटली होती. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मला त्या गाण्यांची आठवण येत होती. एखाद्या तिरसट शेजाऱ्याची सवय व्हावी आणि तो गावाला गेला की जिना ओका वाटावा, तसं.

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. नोकरीसोबत तीस वर्षं त्यांनी गायन पार्टीत ढोलकी वाजवली. जयंतीचे कार्यक्रम, नामकरणं, गृहप्रवेश, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. घरी परतल्यावर मी त्यांना सहा नंबरचं गाणं म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले, पोह्यांच्या डब्यावर बोटं टेकवली आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचा हात बरोबर बसला.

"सात मात्रा हायेत," ते म्हणाले. "तुम्ही दोघं चार धरून ऐकताय, म्हणून तुम्हाला ताल पडल्यासारखा वाटतो. पडत न्हाई. गाणाऱ्याचा गळा बसलाय, पण वाजवणारा पक्का हाय."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी मांडीवर सात मोजत सहा नंबरचं गाणं ऐकलं. इतके दिवस जो ड्रमवाला घरी जायच्या घाईत होता, तो एकदम नीट दिसायला लागला. घाईत तो नव्हता, उशीर मीच करत होते. भोसरीच्या पुलावर माझ्या अंगावर काटा आला. मी भाबडेपणाने सरांना सांगून टाकलं, "सर, मला आवडलं."

सरांना आनंद होईल अशी माझी समजूत होती. ते मोशीपर्यंत बोलले नाहीत. मोशीनंतर फक्त काच वर घ्या म्हणाले. दोन वर्षं निष्ठेने ऐकणारा माणूस कोराच राहिला आणि फुकट बसून येणारी बाई चार महिन्यांत पास झाली, हे त्यांना लागलं होतं. दोन दिवस त्यांनी गाणी लावलीच नाहीत. रेडिओवर प्लॉटच्या जाहिराती ऐकत आम्ही निघोज्याला गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कसं काय आवडलं ओ तुम्हाला? कुठून सुरुवात झाली?" ब्रेकडाऊनचं कारण विचारतात त्याच सुरात.

मी त्यांना रविवारी घरी बोलावलं. वडिलांनी त्यांना समोर बसवून मांडी ठोकायला शिकवलं. तीन, दोन, दोन. सर पहिल्या चहापर्यंत चुकत होते, दुसऱ्या चहापर्यंतही चुकत होते. आईने मधे पोहे आणून ठेवले, तर वडिलांनी डबा रिकामा झाला म्हणून तो वाजवायला घेतला. जेवायची वेळ होता होता सरांचा हात एकदाचा बसला. ते नुसते मान हलवत राहिले आणि गाणं संपल्यावरही त्यांचा हात थांबेना. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस चांगला आहे, पण तालाला कच्चा आहे.

डिसेंबरात सरांची मुलगी सुट्टीला आली. तिला विमानतळावरून आणायला सर मला मुद्दाम सोबत घेऊन गेले. सामान ठेवलं, गाडी सुरू झाली आणि सरांनी सहा नंबर लावला. स्टीअरिंगवर सात मोजत ते आरशातून मागे बघत होते.

मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली. "बाबा," ती म्हणाली, "हे काय लावलंय?"

"तुझंच हाय की," सर म्हणाले. "पेन ड्राइव्हमधलं."

ते तिचं नव्हतंच. मैत्रिणीने आग्रहाने दिलं होतं, हिने दीड गाणं ऐकून बंद केलं होतं आणि परत द्यायचं राहून गेलं होतं. तिने हे सहज सांगितलं आणि मग आरशात वडिलांचा चेहरा बघितला. सिग्नलला गाडी थांबली. सरांची बोटं स्टीअरिंगवर तशीच चालू होती. तिने विचारलं, तुम्ही हे किती दिवस ऐकताय? सरांनी खरं ते सांगितलं. त्यावर ती पुढे वाकली, बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि औंध येईपर्यंत काढला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत मुकाट्याने सात मोजत होते.

वस्तू दुसऱ्याची आहे म्हटल्यावर सरांना चैन पडेना. पुढच्या शनिवारी सकाळी सर आणि मी माणला गेलो. मुलीची ती मैत्रीण तिथे एका सोसायटीत राहायची आणि हिंजवडीत नोकरी करायची. खाली येऊन तिने पेन ड्राइव्ह घेतला, थोडा वेळ हातात फिरवला आणि विचारलं, कुणी ऐकलं का हे? सर म्हणाले, रोज ऐकतो.

ती आमच्याकडे बघतच राहिली. मग बँडचं नाव सांगितलं. ते इतकं बावळट होतं की सरांनी पुन्हा विचारलं आणि मग आपण नंबरच बरे म्हणाले. बँड केव्हाच मोडला होता. त्यांची एवढीच अकरा गाणी. तिच्यासोबत राहणाऱ्या मुलींनी ती घरात लावायला बंदी केली होती. तीन नंबरमध्ये तो नक्की काय म्हणतो ते ती सांगणार होती, पण मी नको म्हटलं.

"या, बसा गाडीत," सर म्हणाले.

ती मागे बसली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचा वर करून आम्ही तिघांनी सहा नंबर ऐकलं. इतकी वर्षं ती ऐकत होती, पण तिने कधी मोजलं नव्हतं. सरांनी मागे वळून तिला मांडी कशी ठोकायची ते दाखवलं. ती पाचव्या मात्रेला चुकली आणि हसायला लागली.

"होतं असं," सर म्हणाले. "पुन्हा लावतो."