शनिवारचं माप

माझी नोकरी जमीन मोजणीची. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या बांधांवर उभं राहून मी भावाभावांची इतकी भांडणं ऐकली आहेत, की फूटभर जमिनीपायी माणूस काय काय बोलतो हे मला कुणी शिकवायला नको. मोजताना कोण टेप आपल्याकडे ओढतोय, तेही मी लांबून ओळखतो. असा मी, घरातलं एक माप चुकलो. चुकलो म्हणणंही खोटं आहे. चुकीचं आहे हे दिसत असताना घेतलं.

आबा, म्हणजे माझे वडील, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीवर थोरल्या भावाकडे राहायचे. किडन्या थकल्यापासून त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी भोरला डायलिसिसला न्यावं लागे. वाडीत सगळे त्याला 'मशीन' म्हणत. माझं भोरातलं घर दुसऱ्या मजल्यावर, तो जिना त्यांना झेपायचा नाही, आणि वाडी सोडून त्यांचा जीवही रमायचा नाही. म्हणून मी सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी माझी जुनी जीप घेऊन वाडीवर मुक्कामाला जायचो, आणि सकाळी त्यांना घेऊन निघायचो.

वाडीच्या अलीकडे ओढा आहे आणि ओढ्यात एक कातळ आहे, उंबऱ्यासारखा आडवा. दर पावसाळ्यात आजूबाजूची माती वाहून जाते आणि तो आणखी वर येतो. श्रावणातल्या एका मंगळवारी जीपच्या मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा त्याच्यावर टेकला आणि गाडी तिथंच अडकली. वाडीतून माणसं आली, पहारी आल्या, ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला आला. आम्ही भोरला पोचलो तोवर आबांची पाळी गेली होती. दुसऱ्या दिवशी मशीन मिळालं, पण तोवर त्यांना धाप लागली होती. मी फार घाबरलो. हे पुन्हा झालं तर माणूस हातचा जाईल, एवढंच डोक्यात होतं.

भोरच्या बाहेर ज्यांचं गॅरेज आहे ते मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी वाकून गाडीची खालची बाजू पाहिली आणि म्हणाले, "त्यो गोळा वर न्यायचा तर टायरच मोठं पायजे. दुसरा इलाज न्हाई. पन मोठं टायर मडगार्डात मावायचं कसं, ह्यो सवाल हाय."

मग त्यांनी खडूनं फरशीवर चाक काढलं आणि मला समजावलं. एक तर सांगाड्यावर गुटके, म्हणजे जाड ठोकळे, ठेवून वरची बॉडी तेवढी उचलायची. नाहीतर स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवायचा, म्हणजे सगळी गाडीच वर जाते. आणि तिसरं म्हणजे मडगार्डची कड कापून चाकाला जागा करायची. कापलं तर गाडी टायरापुरती, दोन बोटं वर जाणार. गुटके किंवा पाटा घातला तर त्याच्यावर आणखी चार बोटं.

"बसनार कोन?" चाचांनी विचारलं.

"आबा."

"मग कापा. लई वर नेऊ नका. न्हाईतर आसं करा, त्येंचा पाय कुठवर उचलतोय त्ये मोजून आना, मग बोलू."

मला कापायचं नव्हतं. कापलेल्या कडेला गंज धरतो, असं मी चाचांना सांगितलं, भावाला सांगितलं, ऑफिसातही सांगितलं. खरं कारण पानशेतला होतं. मोजणीच्या कामानं तिकडे गेलो की जेवणाच्या हॉटेलांपुढे पुण्याच्या लोकांच्या जीपा उभ्या दिसत. उंच, रुंद छातीच्या, टायरांच्या खाचांत चिखलही मुद्दाम लावल्यासारखा. त्यांच्या शेजारी माझी जीप लावताना मला लाज वाटायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण हौसेला मोल नसतं आणि वयही नसतं. बापाच्या आजारपणाच्या आडून मी माझी हौस भागवत होतो.

शनिवारी सुट्टी होती, म्हणून मी शनिवारी माप घ्यायला गेलो. आबा ओट्यापाशी उभे राहिले. मी सुतळीचं टोक जमिनीला धरलं आणि म्हणालो, "आबा, उचला पाय." त्यांनी उचलला. दुसऱ्या हातानं त्यांनी ओट्याचा खांब धरला होता, आणि त्या हाताच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. मी त्या पाहिल्या. टाचेखाली सुतळीला गाठ मारली.

वहिनी दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "भावजी, काल मशीन झालंय, आज अंगात जोर हाय. सोमवारी सांजचं मोजा की."

सोमवारी संध्याकाळी आबांचे पाय कसे असतात हे मला ठाऊक होतं. तीन दिवसांचं पाणी साठून पोटऱ्या टम्म व्हायच्या, चप्पल घालता यायची नाही. दर सोमवारी तर मी ते बघत होतो. पण पाटा वाढवून दाराची कड जिथं येणार, तिथवर गाठ पुरत होती. काठावर, पण पुरत होती. मी सुतळी खिशात घातली.

चाचांनी पाटे वाढवले, मोठे टायर बसवले. सोमवारी संध्याकाळी वाडीवर जाताना जीप त्या कातळावरून अलगद पार झाली आणि मी एकटाच हसलो. वाटेत मार्गासनीला चहा पिताना दोघांनी "काय केलं गाडीला?" म्हणून विचारलं होतं, तेही मनात ताजं होतं.

मंगळवारी सकाळी आबा काठी टेकत आले. दाराची दांडी धरून त्यांनी पाय उचलला. तो खालच्या कडेला लागला आणि परत खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा लागला. शेजारची चार माणसं ओट्यावर येऊन उभी होती. मी पुढं झालो तर म्हणाले, "हात लावू नगंस." पण वेळ चालला होता. भावानं पाय धरले, मी काखेत हात घातले आणि आम्ही त्यांना आत ठेवलं. मार्गासनी येईपर्यंत त्यांनी तोंडावर उपरणं धरलं होतं.

चाचांनी दाराखाली लोखंडी पायरी जोडून दिली. ती पहिल्याच दिवशी कातळाला लागून वाकली. मग आम्ही घरातला चौरंग ठेवला. त्यावर चढताना आबांचा तोल गेला, ते माझ्या अंगावर आले. लागलं काही नाही. पण त्यानंतरच्या मंगळवारी ते अंथरुणावरून उठले नाहीत. "आज नगं," म्हणाले. "शुक्रवारी जाऊ."

असे दोन मंगळवार गेले. शुक्रवारपर्यंत धाप लागलेली असायची, तेव्हा उचलू द्यायचे. मी ओरडलो, हातापाया पडलो. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेवटी एका सोमवारी संध्याकाळी मी सुतळी घेऊन त्यांच्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, "आबा, पाटे काढून टाकतो. खरं माप द्या."

त्यांनी पाय खाटेवरून खाली सोडला आणि जेमतेम उचलला. मी गाठ मारली. पहिल्या गाठीच्या कितीतरी खाली पडली.

"मग शनिवारी एवढा कसा उचलला?" मी विचारलं.

"तुजं तोंड बगितलं," ते म्हणाले. "तुला लई हौस दिसली. म्हटलं, कशाला मोडा घाला."

त्या शनिवारी त्यांनी माझी हौस पाहिली होती आणि मी त्यांच्या हाताच्या शिरा. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या मंगळवारीही, ते आले नाहीतच, पण म्हणाले, "गाडी खाली कर, शुक्रवारी येतो." मी तसाच भोरला गेलो. चाचांना सांगितलं, पाटे काढा, कापा. बुधवारी त्यांनी पाटे काढले. गुरुवारी उजवं मडगार्ड कापून कड वळवली, आणि डाव्यावर खडूची रेघ मारत होते तेव्हा भावाचा फोन आला.

मी गाडी तशीच काढली. "आवो, डावं टायर घासंल," चाचा मागून म्हणाले. घासत होतं. भोर सुटल्यापासून वेल्ह्यापर्यंत प्रत्येक वळणावर मोठं टायर त्या न कापलेल्या पत्र्याला घासत होतं, आणि मला माहीत होतं की आता घाई करून उपयोग नाही.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं. भावानं आणि वहिनीनं मला कधी दोष दिला नाही. पण ते तीन मंगळवार माझे आहेत.

दिवसकार्य आटोपून निघताना मी जीपचं दार उघडलं आणि सुतळीची दुसरी गाठ खालच्या कडेला लावून पाहिली. आबांचा पाय आत गेला असता.

डावं मडगार्ड अजून तसंच आहे. चाचा भेटले की म्हणतात, "भाऊसाहेब, टायर खराब होतंय, आना गाडी, तासाभराचं काम हाय." मी म्हणतो, शनिवारी आणतो.