नियम तिसरा आणि बोरखेडीची पांदण

आधी चहा येऊ द्या, मग बोलतो. अकोल्यात मामाच्या दुकानात मी युरियाच्या गोणीवर बसतो आणि गिऱ्हाइकाला अळीचं औषध देतो, हे तुम्हाला दिसतंच आहे. मी इथं कसा पोचलो, ते मात्र दिसत नाही. एवढी हुशारी करून एवढं गाढवपण फार थोड्यांना जमतं. मला जमलं. ऐका.

मला लहानपणापासून एक खोड, कारण विचारायची. काहून? हे असं काहून, ते तसं काहून? मोर्शीकडल्या आमच्या बोरखेडीत मला प्रवीण कोणी म्हणतच नसे. "तो काहून आला पाहा," म्हणत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात सरांना विचारलं, हे सूत्र असंच काहून? सर म्हणाले, "परीक्षेत येतं म्हणून." त्या दिवशी मी वर्गातून उठलो, आणि महिन्याभरात कॉलेजातूनच.

बाबानं ओट्यावरच स्वागत केलं. "आला लेकाचा! एवढा काहून पेपरात लिवला असता त पास झाला असता."

मग शिक्षा सुनावली. दिवाळीपर्यंत काही करून दाखव, नाहीतर अकोल्याले मामाच्या दुकानात बस. तुम्ही माझ्या मामाला ओळखत नाही. हा माणूस जेवतानाही अळ्यांबद्दलच बोलतो! मी आईला म्हटलं, काहीही करीन, पण अकोला नाही.

ते दिवस असे, की वऱ्हाडात पावसापेक्षा समित्याच जास्त पडत. कोणा कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरासमोर समितीच्या पांढऱ्या गाड्या थांबल्या, की आत काय झालं ते विचारावं लागत नसे. कापसानं हात पोळले म्हणून ज्यांच्या विहिरीला पाणी ते संत्र्याकडे वळलेले. आणि आमची बुढी मंडळी पारावर बसून एकच पालुपद म्हणायची, "आमच्या टायमाले असं नव्हतं." अरे, तुमच्या टायमानंच तर आम्हाला इथवर आणून सोडलं!

असो. चिडायला नंतर वेळ आहे.

तर अमरावतीला एका सभागृहात शेतमाल परदेशी पाठवण्यावर भाषण होतं. मी जेवणासाठी गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पण तिथल्या साहेबानं आपल्या शेजारी देशांच्या संघाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मी भुकेचं विसरलो. सात-आठ देश. कोणी डोंगरातला, कोणी बेटांवरचा, कोणी नद्यांनी भिजलेला. सगळे एका टेबलाभोवती बसतात, एकमेकांचा माल घेऊ म्हणतात, जकात कमी करू म्हणतात. आणि त्यातल्याच बांगलादेशाला आपली संत्री जातात! माझ्या बापाच्या झाडाचं फळ तिकडं कोण सोलत असेल, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं.

मी हात वर केला. "साहेब, यातले दोन देश तर एकमेकांवर बंदुका रोखून असतात. ते एका टेबलाशी बसतात काहून?"

"शेजार बदलता येत नाही म्हणून."

"मग तिथं भांडत नाहीत काहून?"

"नियमच आहे तसा. जो काय निर्णय, तो सगळ्यांच्या संमतीनं. आणि दोघांमधलं भांडण बैठकीत काढायचं नाही."

"मग ते भांडण जातं कुठं?"

साहेबानं घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. हा प्रश्न मी पंगतीत त्याला गाठून पुन्हा विचारायला हवा होता. पण ताटात बासुंदी होती.

गावी येताना एसटीत माझं डोकं फिरलं. देशांना जमतं, तर गावांना काहून नाही? मोर्शीचे बशीरभाई, फळांचे व्यापारी, आमच्या भागातली संत्री बांगलादेशाकडे पाठवत. मी तडक त्यांच्याकडे.

बशीरभाई म्हणाले, "एक गाँव के माल में मेरी गाडी नई भरती, भाऊ. तीन गाँव मिलके दो, दलाल को बीच में से हटाओ, मैं अच्छा भाव देता. मगर गाडी खडी नई रहेंगी. एक दिन में भरके निकली तो निकली. माल गरम हुआ, तो सरहद तक संत्रा नई, मुरब्बा पोचेंगा."

झालं! बोरखेडी, टाकळी, सावंगी, तीन शेजारी गावांचा संघ. शाळेच्या व्हरांड्यात पहिली बैठक. बोरखेडीकडून माझे बाबा. टाकळीकडून साहेबराव काका, ज्यांचं वावर आमच्या वावराला लागून. सावंगीकडून आबाजी, तिन्ही गावांत सगळ्यांत म्हातारे. मी सरचिटणीस. मला कोणी नेमलं? मीच!

मी उभं राहून नियम सांगितले. पहिला, तिन्ही गावं सारखी. दुसरा, निर्णय एकमतानं, हात वर करून. सरचिटणीसाचाही हात मोजायचा. आणि तिसरा, दोघातलं भांडण बैठकीत काढायचं नाही.

बाबानं कान टवकारले. "म्हंजे, दोघातली गोष्ट कोनी काढलीच नाही पाह्यजे?"

"नाहीच."

साहेबराव काका म्हणाले, "अन् काढली त?"

"त्याले खाली बसवाचं."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या उभ्या जन्मात मी त्या दोन बुढ्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, काय ही शेजारधर्माची जादू!

मग मी ट्रकचा रस्ता मांडला. ट्रक आधी बोरखेडीत भरायचा. तिथून आमच्या आणि साहेबराव काकांच्या वावरांमधल्या पांदणीनं, म्हणजे गाडीवाटेनं, टाकळीला, पुढं सावंगीला, आणि त्याच रस्त्यानं परत डांबरीवर. टाकळीला दुसरीकडून जायचं, तर नाल्यावर फक्त बैलगाडीपुरता रपटा, ठेंगणा पूल. म्हणजे पांदणीशिवाय गत नाही.

व्हरांड्यात एकदम शांतता. बाबाला खोकला आला. साहेबराव काका शाळेचं छप्पर पाहायला लागले. आबाजी काठी टेकत उठले.

"पन पोट्ट्या, त्या पांदणीत थे..."

"आबाजी, दोघातलं हाय काय?"

"हाव, म्हंजे दोघातलंच हाय, पन..."

"मंग बसा खाली. नियम तिसरा!"

आबाजी बसले. जन्मभर ज्याला त्याला खाली बसवणारा म्हातारा माझ्या एका शब्दानं बसला! सगळ्यांचे हात वर. रस्ता एकमतानं मंजूर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

तुम्ही म्हणाल, शांतता पडली तेव्हा काहून विचारलं नाही? अहो, हेच तर! जन्मभर काहून-काहून करणाऱ्यानं नेमका त्या दिवशी काहूनवरच बंदी घातली होती.

घरी आईनं भाकर थापता थापता खडा टाकून पाहिला. "एकदा पांदण पाहून तरी ये, बाप्पा."

"पांदण काय पाहाची? लहानपनी रोज जात होतो."

"लहानपनी तुह्या बापाचे केसही काळे होते."

मी ऐकलं नाही. मी कॉलेजसाठी अमरावतीला होतो तोवर, आणि आल्यावरही, मोर्शीच्याच रस्त्यानं जात-येत होतो. पांदणीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

बशीरभाईंनीही विचारलं. "रस्ता बराबर है ना, भाऊ?"

"तीन गावांनी एकमतानं मंजूर केलाय!"

"मंजूर किया वो ठीक. पर देखा किसीने?"

तर ठरलेल्या दिवशी ट्रक आला. बोरखेडीचा माल चढला. कॅरेटवर कॅरेट, पिवळीधम्मक संत्री, वास असा की ड्रायव्हर गाणं म्हणायला लागला. फक्त बाबा दिसेनात. विचारलं, तर घोंगडी पांघरून बसलेले. "जरा कनकन वाटते. तू व्हय पुढं."

मी ऐटीत केबिनमध्ये बसलो. ट्रक पांदणीला लागला. समोर बोरीच्या काट्या पडलेल्या. मी उतरलो, बाजूला केल्या. पुढं गवत कमरेइतकं. ड्रायव्हर म्हणाला, "आगे गड्ढा-वड्ढा तो नहीं?"

"काही नाही! टाका गिअर!"

त्यानं टाकला. आणि ट्रकचं तोंड असं खाली गेलं, जसा बैल पाणी प्यायला वाकतो. धाड! पुढची दोन्ही चाकं नालीत! वरची दहा-पंधरा कॅरेट उडाली आणि संत्री टाकळीच्या दिशेनं घरंगळत निघाली. आमच्या संघाचा पहिला माल सीमा ओलांडून गेला तो असा.

नालीच्या पलीकडे दगडांचा ढीग. ढिगामागं, ट्रक पुढं यायचा नाही हे ठाऊक असल्यागत, टाकळी-सावंगीची माणसं कॅरेट घेऊन उभी, मध्ये साहेबराव काका आणि आबाजी. आवाज ऐकून बाबा धावत आले. घोंगडी नाही, ताप नाही.

मी ओरडलो, "हे नाली कोनं खंदली?"

बाबा धोतराला चिकटलेली कुसळं काढायला लागले.

"अन् हे गोटे कोनं टाकले?"

आबाजींनी घसा साफ केला. "सांगतलं असतं, पन थे दोघातलं हाय. नियम तिसरा."

मी म्हटलं, "नियम स्थगित! आत्ताच्या आत्ता!"

"त्याले एकमत लागते," आबाजी म्हणाले. त्या दिवशी खाली बसवल्याचा पुरा वचपा म्हातारा काढत होता.

"मंग घ्या मत! नियम स्थगित करावा, हात वर!"

सगळ्यांचे हात वर. दोन सोडून. बाबा आणि साहेबराव काका! इतक्या दिवसांनी दोघांचं एका गोष्टीवर जुळलं, आणि ते हे!

ऊन चढत होतं. ट्रक नाक खुपसून बसलेला. बुढे काठ्या टेकून असे उभे, जसे काही पोळ्याचे बैल पाहायला आलेत. आणि माझ्या डोळ्यांसमोर मामा, हातात घास धरून, "गुलाबी बोंडअळी, प्रवीण..." म्हणत.

एवढ्यात मागून मोटरसायकलवर बशीरभाई. त्यांनी ट्रक पाहिला, नाली पाहिली, दगड पाहिले. मग शांतपणे म्हणाले, "मैं तो तुम्हारे संघ का मेंबर नई ना?"

"नाही."

"मग मैं पूछ सकता." नाली बोरखेडीच्या बाजूला, म्हणून ते बाबाकडे वळले. "दादा, ये नाली काहून खोदी?"

पाहुण्यानं विचारलं. आता बाबा काय करणार?

"ह्यालेच विचारा! टाकळीच्या मारुतीपुढं रोडग्याची पंगत होती. हा साहेबराव तूप वाढत होता. सगळ्यायच्या पानात धार धरली, माह्या पानापाशी आला अन् वळला! चार गावच्या मान्सात मी कोरडा रोडगा पाहत बसलो!"

बशीरभाईंनी कानाला हात लावला. "बिना घी का रोडगा? दुश्मन को भी नई देते."

साहेबराव काका दगडांवर चढून ओरडले, "अरे, तुपाचं भांडं सरलं होतं! दुसरं आनाले गेलतो! येऊन पाह्यतो त तू पानावरून उठून गेलता. भर पंगतीत माह्या तोंडाले काळं! म्हनून गोटे टाकले!"

"मंग हाक काहून नाही मारली?"

"तू थांबला काहून नाही?"

"बरं, ट्रक येनार होता त गोटे काहून नाही उचलले?"

"तू नाली बुजवतं का, पाहत होतो!"

"अन् मी तू गोटे उचलतं का, पाहत होतो!"

पाहा! गाव मला काहून म्हणून हिणवायचं, आणि इथं दोन पिकले बुढे एकमेकांना काहूनच्या फैरी झाडत होते. भांडण जातं कुठं, त्या साहेबानं सांगितलं नाही. मी सांगतो. पांदणीत जातं, आणि वर गवत उगवतं.

बाबा नालीच्या काठाशी आले. मग म्हणाले, "दुसरं भांडं आनाले गेलता?"

"मायची आन."

बाबानं धोतर खोचलं आणि नालीत पहिला दगड स्वतः टाकला. टाकळीकडूनच उचलून! मग काय विचारता? दोन्हीकडून माणसं उतरली. सावंगीचा ट्रॅक्टर पलीकडेच उभा होता. ट्रकाच्या बाजूनं दगडांनी नाली भरली, तिच्यावरून तो अलीकडे आला आणि त्यानं दोर लावून ट्रक मागं ओढला. पण नवी भर ट्रकाचा भार धरेना. तेव्हा टाकळी-सावंगीचा माल माणसांनी डोक्यावरून अलीकडे आणायचा ठरला. रांग लागली. मीही लागलो. दिवस बुडायच्या आत ट्रक भरत आला.

शेवटचं कॅरेट माझ्या डोक्यावर होतं. भरल्या नालीच्या मधोमध, दगडांवर तोल सांभाळत उभा. मी छाती काढून म्हटलं, "बाबा, दिवाळीच्या आत करून दाखवलं का नाही?"

"माल गेला, हे खरं," बाबा म्हणाले. "पन थो बशीरभाईच्या विचारन्यानं गेला. तू त विचारनंच बंद केलतं." मग त्यांनी चौफेर पाहिलं. "संघ जमलेलाच हाय त एक ठराव मांडतो. पोट्ट्याले अकोल्याले मामाच्या दुकानात पाठवावं. हात वर!"

साहेबराव काकांचा हात सगळ्यांत आधी वर. दोघांचं आता पुरतं जुळलेलं! मागोमाग सगळे.

मी ओरडलो, "एकमत पाह्यजे! सरचिटनीसाचाही हात लागते!"

आबाजींनी काठी माझ्याकडे रोखली. माझ्या डोक्यावर कॅरेट, दोन्ही हातांनी धरलेलं.

"झालं न एकमत, बाप्पा! पोट्ट्यानं त दोन्ही हात वर केले!"

खाली घेता येत नव्हते हो. माल बांगलादेशाला जायचा होता.