मैनाबाईच्या वहीतली कोरी जागा

उमरेडच्या मैनाबाईला चौथीपर्यंत शाळा मिळाली, हे तिचं भाग्य म्हणा नाहीतर खोड. लग्न होऊन ती गांधीबागेमागच्या विणकरांच्या आळीत आली, नवऱ्याच्या, जागेश्वरच्या, मागासाठी दिवसभर सुताच्या कांड्या भरू लागली, तरी हात शिवशिवायचा तो लिहायलाच. आळीच्या टोकाच्या एकमेव ब्राह्मण घरात यमुताई मास्तरीण राहत. त्यांनी तिला वही दिली आणि बजावलं, "रोज लिही. पाहशील तेच लिही." तिनं ते इतकं मनावर घेतलं की कोणाची शेळी मेली, कोणाची सून माहेरी पळाली, सारं वहीत. सासू रुख्माबाई म्हणायची, "आमच्या घरात चित्रगुप्तच आला वं बाई!"

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण, एवढी बातमी आळीला पुरे झाली. कालपर्यंत यमुताईंकडून आपली पत्रं वाचून घेणारी माणसंच दुसऱ्या दुपारी त्यांच्या दारात कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली. लाज म्हणून कोणाला नव्हती.

मैनाबाई ओट्यावर होती.  तिनं वही ओढली आणि दिसेल ते लिहू लागली. शालिकरामनं दार फोडलं. बाबारावनं रॉकेल ओतलं. बबनरावनं यमुताईंना केस धरून बाहेर फरफटत आणलं. लुगडं पेटलेलं, त्या मातीत लोळत होत्या. त्यांचे म्हातारे सासरे चौकट सोडेनात. "आत देव आहेत," एवढंच म्हणत होते. तेव्हा मागाचा दांडका त्यांच्या डोक्यात बसला. कवटी फुटल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. दांडका जागेश्वरच्या हातात होता.

इतरांची नावं तिनं लिहिली होती. इथं थोडी जागा कोरी सोडून पुढे लिहिलं, 'दांडका मारला. म्हातारे उठले नाही.' बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे आईनं शिकवलेलं. जे ओठांनी घ्यायचं नाही, ते बोटांनी तरी कसं लिहावं? लपवायचं असं तिच्या मनातही नव्हतं.

पाचव्या दिवशी इस्पितळात पडलेल्या यमुताईंनी पोलिसांना वहीचं सांगितलं. धुरात सासऱ्यांना मारणारा त्यांना दिसला नव्हता. ठाणेदार दुसऱ्या सकाळीच आला, वही वाचली, आणि शिपायांनी शालिकराम, बाबाराव, बबनराव यांना भर आळीत लाठ्यांनी फोडून काढलं.

"म्हाताऱ्याला कोणी मारलं? इथं नाव का नाही?"

"शालिकरामनं, साहेब," जागेश्वर झटकन म्हणाला. "म्या डोळ्यानं पाह्यलं."

"खोटं बोलून राहिला!" शालिकराम ओरडला, तर लाठी तोंडावरच बसली. बघे मागे सरकले. जो बोलेल त्याचं नाव पुढचं, हे सगळ्यांना कळत होतं. शालिकरामची बायको गोपिका मैनाबाईच्या पायांवर पडली.

"त्याले फासावर देतील वं, मैना! तुनं पाह्यलं ना? काहून बोलत नाही?"

रुख्माबाईनं सुनेचं मनगट आवळलं. "तोंड उघडलं तं माहं पोरगं जाते."

मैनाबाईनं जागेश्वरकडे पाहिलं. हाच माणूस तिच्या तापात तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावला होता. आळी हसली तरी शाईची दौत तोच आणून द्यायचा. तिचा जीव होता त्याच्यावर. पण पायांवर गोपिकाचं डोकं आपटत होतं.

"जागेश्वर," ती म्हणाली. पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "माह्या नवऱ्यानं मारलं. जागेश्वरनं."

त्यानं झेप घेऊन तिच्या पोटात लाथ घातली. ती भिंतीवर आदळली, ओठ फाटला. दुसरी लाथ उगारली तेव्हा शिपायांनी त्याला खाली पाडलं, मुसक्या बांधल्या आणि तुडवतच नेलं. बाकी तिघांनाही नेलं, पण शालिकरामला फक्त दार फोडल्याबद्दल.

आळीच्या वळणावर लेक दिसेनासा झाला तशी रुख्माबाई सुनेकडे वळली. "नाव घेतलं ना त्याचं? मंग तो मेलाच तुले!" म्हणत तिनं मैनाबाईचा हात ओट्याच्या दगडावर आपटला. हिरव्या बांगड्या फुटल्या, काचा मनगटात रुतल्या. बायका पाहत राहिल्या, एकही पुढे आली नाही.

मैनाबाईनं तो हात मागे घेतला आणि दुसरा आपणहून पुढे केला.