धुऱ्यावरून खाली

माझी जीभ तिखट आहे, हे गावात कुणीही माझ्यापासून लपवून ठेवलेलं नाही. गेल्या वर्षी धान रोवण्याच्या वेळी मी शेताच्या धुऱ्यावर, कोरड्या बांधावर उभी राहून शेजारणीला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुया हाताले काई वळणच नाई." ती चिखलातून उठून निघून गेली. तिच्यामागे बाकीच्या बायाही गेल्या. यंदा धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, वीतभराचे हातभर झाले, पिवळे पडायला लागले, तरी आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोवायला कुणी येईना. वर्षाचं धान जातं की काय, या विचाराने मी खरंच घाबरले होते.

त्यातच बचत गटाने मला पोंभुर्ण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. माणसांशी बोलावं कसं, त्यांना हुरूप द्यावा कसा, हे तिथे शिकवणार होते. माझंच नाव काऊन दिलं, हे मी गटात विचारलं नाही. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "नुसतं छान छान म्हणू नका. समोरच्याने काय चांगलं केलं ते नीट बघा आणि तेवढंच सांगा." मग तिने प्रत्येकीला गावातलं एक माणूस आठवायला लावलं. मला नको असताना शेजारीणच आठवली. तिने लावलेलं एकही रोप पाण्यावर तरंगलं नव्हतं. ते मी तेव्हाही पाहिलं होतं, फक्त तोंडातून काढलं नव्हतं.

परत आल्यावर तिच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मागल्या साली तुया हातचं एकई रोप तरंगलं नोतं. मी पायलं होतं. तरी तुले बोलली. चुकलंच मायं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तब्येत बरी हाये ना तुमची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार बायांना घेऊन आली. या वेळी धुऱ्यावर उभं राहायची मला लाज वाटली, म्हणून लुगडं खोचून मीही बांधीत उतरले. माझी ओळ सापासारखी गेली. बाया तोंड फिरवून हसत होत्या. आता माझी पाळी, असं मनाशी म्हणून मी ऐकायची तयारी केली.

शेजारणीने माझ्या ओळीतलं एक रोप हलकेच ओढून पाहिलं. "ओळ वाकडी हाये बाई," ती म्हणाली. "पण रोप घट्ट बसलं. हे तरंगत नाई."

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझं काम असं वाकून कुणी पाहिलं नव्हतं. मला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात चिखलाने भरलेले होते. मी रोपांची पुढची पेंडी उचलली.