मालिशवाल्याला नाही म्हणायचं नसतं

मालिशवाला यायच्या आधी बाबा दाढी करत. लकव्यानं डावा हात गेला होता, उजवा शाबूत होता, म्हणून आरसा मी धरायचा आणि रेझर ते फिरवायचे. मग अंघोळ, धुतलेले कपडे, पलंगावर स्वच्छ चादर. नखं वाढलेली दिसली की मला हाक. "परक्या मान्साच्या हाती अंग द्यायचं तर धुऊन द्यावं," असं त्यांचं म्हणणं. जन्मभर एसटी चालवली, पण प्रवाशावर आवाज चढवला नाही, असा हा माणूस. मालिश घेतानाही त्यांचे नियम होते. जेवून लगेच पडायचं नाही. त्याचं काम चालू असताना गावगप्पा हाणायच्या नाहीत. कण्हायचं तर मुळीच नाही. आणि चहा पाजल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही. हा शेवटचा नियम अर्थात माझ्या डोक्यावर होता.

मालिशवाला हट्टा गावाहून मोटारसायकलवर यायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, तेलानं आणि शेकानं तळहात राठ झालेले. लकवा झालेली माणसं त्याच्या हातून उठली, असं आमच्या आखाडा बाळापूरच्या बाजारात बोललं जायचं. नांदेडच्या डॉक्टरांनी वेगळंच बजावलं होतं. पहिले काही महिने महत्त्वाचे, तेवढ्यात हात जागा करायचा, त्यासाठी व्यायामाला नेमानं या, नंतर अवघड जाईल. आम्ही दोन्ही धरलं. व्यायामही आणि मालिशही.

पुरुषमाणसाची मालिश चालू असताना बाईनं त्या खोलीत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी शाळेत मास्तरीण, वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवते, पण घरात रीत म्हटली की मीही मुकाट पडद्याआड. स्वयंपाकघरातून मला फक्त ऐकू यायचं.

"कळून राहिलं का, काका?" मालिशवाला विचारायचा.

आधी बाबा काहीच बोलत नसत. मग एक दिवस ते म्हणाले, "व्हय. बराबर."

माझ्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. मालिशवाला गेल्यावर मी पळत आत गेले. "खरंच कळलं, बाबा?"

माझ्याकडे बघून ते हसले. "व्हय ना. मुंग्या आल्यासारखं."

त्या दिवशी मी शिरा केला. पुण्याच्या भावाला फोन करून रडले. पुढे रोज तेच ऐकू यायचं, "कळून राहिलं का?" आणि "व्हय, बराबर." नांदेडची बस गाठायची, बाबांना चढवायचं, उतरवायचं, फार दगदग व्हायची. हात तर घरीच सुधारत होता. आमचं नांदेडला जाणं हळूहळू बंद पडलं.

मग मालिशवाल्यानं शेक सुरू केला. निर्गुडीचा पाला मी तव्यावर तापवायचा, फडक्यात बांधायचा आणि पडद्यातून त्याच्या हाती द्यायचा. तो ती पुरचुंडी बाबांच्या डाव्या मुठीत ठेवून वरून टॉवेल गुंडाळायचा आणि मूठ दाबून धरायचा. एक दिवस तवा जरा जास्त तापला होता. त्याच्या राठ हाताला ते जाणवलं नाही, पण त्यानं विचारलं.

"चटका बसून राहिला का, काका?"

"न्हाई, न्हाई. बराबर हाय."

थोड्या वेळानं तो ओरडला. रीत गेली चुलीत, मी पडदा ओढून आत घुसले. टॉवेल सुटला होता, आणि पुरचुंडीबरोबर तळहाताची कातडी सोलून आली होती. बाबा मात्र शांत बसले होते. शेजारच्या घरात काही फुटावं आणि आपण उंबऱ्यातून बघावं, तसे ते स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"काका, तुमी तर म्हन्ले कळून राहिलं म्हनून!" मालिशवाला रडकुंडीला आला होता.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "तुमी एवढ्या लांबून येऊन राहिले. घाम गाळून राहिले. तोंडावर न्हाई कसं म्हनावं?"

मला असा संताप आला! मालिशवाल्यावर नाही, बाबांवर. या सभ्यतेवर. कण्हायचं नाही, दुखवायचं नाही, समोरच्याचा हिरमोड करायचा नाही. सगळ्यांचं मन राखता राखता यांनी हात घालवला होता. जखम भरेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग नांदेडच्या बसमध्ये मात्र कडकडून भांडले.

"आता डॉक्टरला खरं सांगायचं. काहून खोटं बोलता? कळत नसंल तर न्हाई म्हना."

"न्हाई म्हनतो," ते म्हणाले. खिडकीतून बाहेर बघत पुन्हा म्हणाले, "न्हाई म्हनतो, बाई."

डॉक्टर तरुण होते, वागायला मायाळू. त्यांनी बाबांचा हात टेबलावर ठेवला, बारीक पिन घेतली आणि डोळे मिटायला सांगितले. "टोचलं की सांगा, काका." मी पलीकडे उभी होते, श्वास रोखून. माझा तो अडलेला श्वास बाबांना ऐकू गेला असणार.

डॉक्टरांनी पिन उचलली. ती अजून हाताच्या वर, हवेतच होती.

"व्हय," बाबा म्हणाले. "कळून राहिलं."

डॉक्टर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिन हळूच ट्रेमध्ये ठेवून दिली.

बाबांनी डोळे उघडले. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बराबर सांगितलं ना?"

"व्हय, बाबा," मी म्हणाले. "बराबर."