बारा-तीन

सिंगापूरला तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात सोमवार सकाळी साडेसातला सुरू व्हायचा. एक्क्याण्णवच्या जानेवारीतला तो सोमवारही तसाच सुरू झाला… फक्त त्याच वेळी अमेरिकेत रविवारची संध्याकाळ होती, आणि तिथल्या फुटबॉलची फायनल, सुपर बोल, लागत होती.

मी तिथे शिप रिपेअर मॅनेजर होतो. धक्क्यावर इंजिनचं काम संपलेलं एक जहाज होतं, आणि मालकांच्या वतीने ते तपासून घ्यायला आलेला अमेरिकन सुपरिंटेंडंट, डेव्ह. सोमवारी इंजिनची ट्रायल, मंगळवारी जहाज बाहेर.

डेव्ह बफेलोचा. त्याच्या गावची टीम पहिल्यांदाच या फायनलला पोचली होती. लहानपणी वडिलांनी त्याला बर्फात बसवून मॅच दाखवल्या होत्या, आणि ते वडील आदल्याच वर्षी गेले. "ट्रायल मंगळवारी घेता येईल का?" असं त्याने एकदाच विचारलं. मंगळवारचा धक्का दुसऱ्या जहाजाला दिलेला… मी नाही म्हणालो.

नाही म्हणालो आणि वाईट वाटलं. म्हणून शब्द दिला, की घरी व्हीसीआरवर टेप करून ठेवतो, संध्याकाळी जेवायलाच ये. डेव्हची एकच अट होती… तोपर्यंत स्कोअर कोणी सांगायचा नाही.

मॅच किती वेळाची असते हेही मी विचारून घेतलं होतं. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे तासाचा खेळ. मी पडलो इंजिनिअर, वर अर्ध्या तासाचं मार्जिन धरलं आणि बायकोला, नंदाला, सांगून ठेवलं की दीड तास रेकॉर्ड कर. तिकडे घड्याळच घडीघडी थांबवतात, हे क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला कोण सांगणार!

साडेदहाला कँटीनमध्ये कोपी, म्हणजे तिथली कॉफी, घ्यायला गेलो, तर टीव्हीवर हेल्मेटवाली माणसं अजून एकमेकांवर आदळत होती. मला वाटलं रिपीट असेल. काउंटरवरचा अंकल सिंगापुरी ढंगात म्हणाला, "लाइव्ह, लाह. लास्ट मिनिट."

तिथूनच घरी फोन लावला. "अहो, तुम्हीच म्हणालात ना दीड तास? मी वर पाच मिनिटं जास्त केलंय," नंदा म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

फोन ठेवून वळलो तेव्हा टीव्हीवर एक जण किक मारत होता. बॉल उंच गेला… आणि उजव्या खांबाच्या बाहेरून निघून गेला. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मैदानावरचे चेहरे कळले. बफेलो एका पॉइंटने हरलं होतं.

आता माझ्याकडे अर्धी टेप होती आणि अख्खा निकाल. टेपचं तरी सांगून टाकावं म्हणून मी इंजिनरूममध्ये गेलो. मी तोंड उघडलं की डेव्ह हात वर करायचा, "नॉट अ वर्ड!" तीनदा गेलो, तीनदा परत आलो… चौथ्यांदा गेलोच नाही. खरं सांगायचं तर मला तेवढं निमित्त पुरलं.

संध्याकाळी तो आमच्या फ्लॅटवर आला. बूट दाराबाहेर काढले, डोक्यावरची टीमची टोपी मात्र तशीच ठेवली. वडिलांची होती ती.

नंदाने भरली वांगी केली होती. डेव्ह ताट मांडीवर घेऊन बसला आणि मी टेप लावली. बफेलो जोरात होतं… बारा-तीन! डेव्ह पोळीचा तुकडा हातात धरून उभाच राहिला. एवढा मोठा माणूस इतका खूश झालेला मी यार्डात कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग पांढऱ्या कपड्यातला एक बोलर शांतपणे धावत येताना दिसला. माझ्या मेव्हण्याने पुण्याहून पाठवलेली जुनी टेस्ट मॅच… आमचं रेकॉर्डिंग त्याच टेपवर केलं होतं. बोलरने बॉल टाकला, बॅट्समनने सोडून दिला.

मग मी सगळं सांगितलं. चार क्वार्टर, मार्जिन, कँटीन… निकाल तेवढा सोडून. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

डेव्ह जरा वेळ क्रिकेटच बघत बसला. मग म्हणाला, "कोण जिंकलं ते तुला माहीत आहे." मी मान हलवली. माझा चेहरा त्याने वाचला असणारच.

"उद्या सांग," तो म्हणाला. "आज आम्ही पुढे आहोत." आणि ताट नंदापुढे करून त्याने आणखी एक वांगं मागून घेतलं.

मंगळवारी सकाळी जहाजाच्या शिडीपाशी मी त्याला सांगितलं… एका पॉइंटने. त्याने ऐकून घेतलं, कागदांवर सह्या केल्या आणि ती टेप मागितली. अमेरिकेत ती चालणार नाही, तिकडची सिस्टीम वेगळी, असं मी म्हणालो. "चालायला कशाला हवी?" म्हणत त्याने ती बॅगेत टाकली.

पुढची सलग तीन वर्षं तीच टीम फायनलला गेली आणि तिन्ही वेळा हरली. दर वेळी त्या सोमवारी दुपारी यार्डाच्या ऑफिसात एक फॅक्स यायचा. मजकूर नाही, सही नाही… फक्त '१२-३'. नंतर टीम फायनलला जायची थांबली आणि फॅक्सही थांबले.

शहाण्णवला माझे वडील पुण्यात गेले. मी वेळेवर पोचलो नाही. परत आल्यावर काय मनात आलं कोण जाणे, मी डेव्हला दोन ओळी कळवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तेच दोन आकडे.

त्या महिन्यात सांत्वनाची पत्रं बरीच आली होती, पण मी जपून ठेवला तो हा एक कागद. फॅक्सची अक्षरं आता पार उडून गेलीत… स्कोअर मात्र पाठ आहे.