उंडीपासून होडीपर्यंत

मी मोजणी खात्यात सर्व्हेअर होतो. रत्नागिरीच्या कचेरीत मला एक टेबल होतं, पण वर्षाचे सात-आठ महिने बांधांवरच जात. बांध कोणाचा, आंब्याचं कलम कोणाच्या हद्दीत, यावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं रोजच पाहायला मिळत. गोळीबाराच्या जागेचा नकाशा काढायचं काम मात्र माझ्याकडे एकदाच आलं. ते मिठाच्या चळवळीचं वर्ष होतं.

खाडीपलीकडच्या एका गावात बायका खाजणातलं, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतलं, मीठ गोळा करत होत्या. ते अडवायला फौजदार सात-आठ शिपाई घेऊन गेला. गर्दी जमली, बाचाबाची झाली आणि शिपायांनी बंदुका झाडल्या. दोघे जखमी झाले आणि एक खारवी जागच्या जागी मेला. तिशीतला मच्छीमार. फौजदाराने रिपोर्टात लिहिलं की जमाव वल्ही घेऊन चालून आला, दहा पावलांवर पोचला तेव्हा नाइलाजाने गोळ्या झाडाव्या लागल्या, आणि मेलेला इसम जमावाच्या पुढे होता. चौकशी प्रांतसाहेबांकडे गेली. त्यांनी जागेचा नकाशा मागवला.

मी दोन साखळीवाले घेऊन तरीच्या होडीने पलीकडे गेलो तेव्हा फौजदार आधीच येऊन बसला होता. हळू बोलणारा, नीटनेटका माणूस. त्याने आम्हा तिघांना शहाळी दिली. मग वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीपासून दहा पावलं मोजली आणि म्हणाला, "माझी माणसं इथे उभी होती. मेलेला तिथे, होडीपाशी."

मी खुंटी ठोकली. साखळी टाकतोय तोच खारव्यांच्या घरांकडून एक बाई भराभर चालत आली. मागून दोघीतिघी तिला परत बोलावत होत्या. मेलेल्याची बायको ती. नवरा जाऊन आठ-नऊ दिवस झाले होते.

"थितं न्हवते शिपाई," ती मला म्हणाली. "त्या उंडीखाली व्हते."

उंडीचं झाड बरंच लांब होतं, किनाऱ्याच्या वरच्या कडेला.

"बाई, घरी जा," फौजदार म्हणाला. "सुतकात आहेस."

"सुतक तुमच्यामुळंच आलंय."

फौजदार हसला नाही की रागावला नाही. माझ्याकडे बघून त्याने काम चालू ठेवा अशी खूण केली. बाई होडीपाशी जाऊन उकिडवी बसली. "असा बसला व्हता तो. पाठमोरा. पावसाच्या आधी होडीला तेल लावून ठेवायची, येवढंच त्याच्या डोक्यात. मीठ काढनारे तिकडं, खाजणावर व्हते. ह्ये बघा."

तिने फळीवर बोट ठेवलं. तिथे एक भोक होतं. आजूबाजूच्या फळ्यांवर माशाचं तेल लावलेलं होतं आणि भोकाच्या पुढे कोरडं लाकूड सुरू होत होतं. गोळी त्याच्या पाठीत घुसून आरपार फळीत शिरली होती. होडी जप्त करावी असं कोणाला सुचलं नव्हतं. मी भोकाची उंची मोजली. जमिनीपासून दीड हात भरली. उभ्या माणसाच्या अंगातून आरपार गेलेली गोळी इतक्या खाली लागेल का, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण तो विचारणं माझं काम नव्हतं.

मोजणीचा नियम असा की जागेबद्दल वाद असेल तर दोन्ही पक्षांनी दाखवलेल्या खुणा घ्यायच्या. मी उंडीपासून होडीपर्यंतही साखळी टाकली. आमची साखळी तेहतीस फुटांची. ती चार वेळा पुरी पडली आणि वर थोडं उरलं. म्हणजे पन्नास पावलांहून जास्त अंतर. मी दोन्ही मापं आणि भोकाची उंची वहीत शाईने लिहिली. ती आमची मोजणीवही, जागेवरच लिहायची.

निघताना फौजदार माझ्या बाजूने चालत तरीच्या धक्क्यापर्यंत आला. "वहीत काय हवं ते लिहा," तो म्हणाला. "नकाशात एकच जागा येऊ दे. रडणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून सरकारी नकाशे निघत नाहीत."

ती रडत नव्हती, हे माझ्या लक्षात होतं. तरी त्या दिवशी मला फार संताप आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. भरती चुकली तर परतीची होडी अडकून पडेल, याची मला जास्त काळजी होती.

दोन दिवसांनी आमच्या वरिष्ठांनी मला बोलावून तेच सांगितलं. "वरून निरोप आहे. पोलिसांनी दाखवलेली जागा तेवढी घ्या. उंडीचं झाड दाखवायची गरज नाही." मी पक्का नकाशा काढला. होडी, खाजण, भरतीची रेघ आणि दहा पावलांवर पोलिसांची जागा. नकाशा सुबक झाला होता. खाली सही माझीच. त्याच्या आधारे प्रांतसाहेबांनी गोळीबार योग्य ठरवला. मेलेल्याचं नाव दंगेखोरांच्या यादीत पहिलं लागलं.

श्रावणात एका दुपारी ती बाई माझ्या बिऱ्हाडी आली. खाडी पार करून चिखलातून चालत आली होती. आत ये म्हटलं तरी ओसरीच्या पायरीशीच उभी राहिली. तिचा दीर मुंबईत गिरणीत होता. त्याच्या ओळखीने रत्नागिरीतल्या एका वकिलांनी तिचं काम घेतलं होतं आणि नकाशाची नक्कल काढली होती.

"भाऊ, तुमी दोनदा मोजलंत," ती म्हणाली. "माझ्या डोल्यांनी बघितलंय. वकीलसाहेब म्हनतात नकाशात येकच हाय. असं कसं झालं?"

"नकाशा साहेबांच्या हुकमाप्रमाणे निघतो."

"आनि वही?"

"वही कचेरीत असते."

"वहीत लिवलंय ना पन?"

माझी बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहिलंय तर लिहिलंय म्हणावं माणसाने."

"लिहिलंय," मी म्हणालो.

बाईने मान हलवली आणि लगेच निघाली. चहालाही थांबली नाही. परतीची होडी गाठायची होती.

वकिलांनी फौजदारावर खुनाची फिर्याद केली. मॅजिस्ट्रेटने फिर्याद घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी साक्षी घ्यायचं ठरवलं आणि मला वहीसकट बोलावलं. समन्स आल्याच्या दुसऱ्या दिवशी वरिष्ठ माझ्या टेबलाशी आले. वही पावसात भिजली आहे, तेव्हा नवी लिहून काढावी असं त्यांनी सुचवलं. वही कोरडी ठणठणीत होती. मी म्हटलं, शाईची वही पुन्हा लिहिता येत नाही, खात्याचा नियम आहे. हे मी धैर्याने बोललो असं नाही. वही बदलल्याबद्दल एका सहकाऱ्याला नोकरी जाऊन घरी बसावं लागलेलं मी पाहिलं होतं. पकडलो गेलो तर वरिष्ठ माझ्या बाजूने उभे राहणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

कोर्टात खारव्यांची बरीच माणसं आली होती. फौजदार पुढच्या बाकावर बसला होता. वकिलांनी मला थोडेच प्रश्न विचारले.

"किती ठिकाणांहून अंतर मोजलंत?"

"दोन."

"नकाशात किती आहेत?"

"एक."

"दुसरं का नाही?"

"तसं सांगण्यात आलं."

"कोणी?"

मॅजिस्ट्रेटने लेखणी उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जागेवर फौजदारसाहेबांनी. नंतर माझ्या वरिष्ठांनी." मग वकिलांनी मला वहीतली दोन्ही मापं आणि भोकाची उंची वाचायला सांगितली. ती बाई भिंतीशी उभी होती. मापं वाचताना तिचे ओठ हलत होते, बहुधा ती आकडे मनात धरत होती.

पुढे काही घडलं नाही. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी माणसावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागते. ती मागितली गेली आणि नाकारली गेली. फिर्याद तिथेच संपली. मॅजिस्ट्रेटने निकालात एवढं लिहिलं की सर्व्हेअरच्या वहीवर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. फौजदाराची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली आणि नंतर त्याला बढती मिळाल्याचं ऐकलं. मला संगमेश्वराच्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याशी पाठवलं. तिथे मी सहा वर्षं काढली. बढतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. मी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

रत्नागिरीला परतलो तेव्हा मुंबईत लोकांनी निवडून दिलेलं मंत्रिमंडळ आलं होतं. एका सकाळी ती पुन्हा दारात उभी. केस पिकले होते. आता ती शहरात मासळी विकायला येत असे. तिच्या वकिलांनी वकिली सोडली होती.

"नवीन सरकारला अर्ज लिवायचाय," ती म्हणाली. "तुमी लिवा. तुमाला सगलं म्हाईत हाय."

मी तिला विचारलं, अर्जात काय मागायचं? मला वाटलं, मदत मागेल. ती म्हणाली, "त्याचं नाव त्या यादीतून काढा म्हनावं. तो दंगा करत नव्हता. आनि ज्यानं गोली घाला म्हनून सांगितलं त्याला इचारा म्हनावं."

मी तसा अर्ज लिहिला. निकालातलं वाक्य आणि वहीतली मापं त्यात घातली. तिने अंगठा उठवला. उत्तर यायला वर्ष गेलं. ते तिने माझ्याकडे न उघडताच आणलं. मी वाचून दाखवलं. मयताचं नाव दंगेखोरांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे, असं लिहिलं होतं.

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिने पदराने तोंड पुसलं. इतक्या वर्षांत तिचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कागदाची घडी घालत तिने विचारलं, "आनि फौजदाराचं?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मग आणखी येक लिवा."

मी कागद घेतला आणि लिहिलं. त्या अर्जाला उत्तर आलं नाही. पुढे लढाई सुरू झाली, मंत्रिमंडळ गेलं. तरी ती आणखी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा मी तिला अर्ज लिहून दिला.